अंगणात आलेली शाळा

सकाळचे साडेनऊ वाजत आले की अंगणवाडीची मदतनीस वस्तीत निघते. एका दारातून हाक मारते, दुसऱ्या दारात आत डोकावते. कुणाची वेणी घालायची राहिलेली असते, कुणी अजून गोधडीत असतं. कुणाची आई पहाटेच मजुरीला गेलेली असते आणि मूल आजीला टेकून ओट्यावर बसलेलं असतं. मदतनीस त्याचं तोंड धुते, बोट धरते आणि पुढच्या घराकडे वळते. अंगणवाडीच्या दाराशी पोचेपर्यंत एक मूल तिच्या कडेवर, दोन पदराला आणि बाकीची मागे रांगेत असतात. मग ती चूल किंवा गॅस पेटवते, पाणी भरते, खोली झाडते. तिच्या कामांच्या यादीत ही सकाळची फेरी एका ओळीत उरकलेली असते. पण अंगणवाडी जन्माला आली, ती या फेरीतूनच.

शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक गुजरातमधल्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करत होत्या. गिजुभाईंनी तिथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. माराची भीती नसलेलं, मुलाच्या कलानं चालणारं शिक्षण त्यांनी तिथे उभं केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण हे शिक्षण शहरातल्या सुस्थित घरांपुरतंच राहतं आहे, ही बोच ताराबाईंच्या मनात होती. त्यासाठी लागणारी मॉंटेसरी पद्धतीची लाकडी साधनं महाग होती आणि ती मांडायला प्रशस्त खोल्या लागत. खेड्यातल्या मुलानं काय करायचं? या प्रश्नाचा पाठपुरावा करत त्या १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. पुण्याच्या हुजूरपागा शाळेतली नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढची सत्तेचाळीस वर्षं त्याच कामात राहिल्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती होती ती मुलं येईनात. वाड्या-पाड्यांवरच्या मुलांना धाकटं भावंड सांभाळायचं असे, शेळ्यांमागे जायचं असे. पोट रिकामं असे. पांढरपेशा वस्तीतल्या नीटनेटक्या इमारतीत पाय ठेवायचा संकोच तर सगळ्यांनाच असे. ताराबाईंनी यासाठी पालकांना दोष दिला नाही. शिक्षिका साहित्याची टोपली घेऊन वस्तीत गेल्या आणि घरापुढच्या सारवलेल्या अंगणात बसल्या. मुलं भोवती जमली. नखं कापणं, अंघोळ घालणं, केस विंचरणं, गाणी, गोष्टी, खेळ सगळं तिथेच सुरू झालं. महागड्या साधनांच्या जागी किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, बिया, खडे आणि पानं आली. या अंगणातल्या बालवाडीचं नाव पडलं अंगणवाडी.

१९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली आदिवासी मुलांसाठी विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. त्यामागचं कारण साधं होतं. तान्ह्या भावाला ठेवायला जागा मिळाली, तरच आठ वर्षांची बहीण वर्गात बसू शकते. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरतात तिथेच वर्ग भरायचा. शिकवण्याची ही सगळी रीत एका विचारावर उभी होती. मूल शाळेत येत नसेल, तर त्याच्या आड काय येतं ते शोधायचं आणि शाळेनं तेवढी वाट चालून जायचं.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिलं. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक. बोर्डीच्या किनारपट्टीवर घडलेला हा शब्द आता देशभरातल्या आयांच्या तोंडी आहे.

योजनेत सहा सेवा एकत्र बांधल्या आहेत: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आईला आहार-आरोग्याचं शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण. लस टोचायला नर्सबाई अंगणवाडीतच येतात. गरोदर आणि स्तनदा मातांची नोंद इथेच होते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार असतो, त्याला सगळे टीएचआर म्हणतात. तीन वर्षांपुढच्या मुलांना गरम ताजा आहार मिळतो. २०१३ मध्ये मुलामागे रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले ३०० दिवस, असं त्याचं माप होतं. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात २०१५ पासून एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं; पुढे त्यात मुलांसाठी अंडी किंवा केळीही आली.

दर महिन्याला मुलाचं वजन होतं. उंची मोजली जाते आणि दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळली जाते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर पट्टी लाल रंग दाखवते. मूल तीव्र कुपोषित आहे, असा त्याचा अर्थ. अंगणवाडी चालवणाऱ्या सेविकांच्या भाषेत ते "सॅममध्ये गेलं". वाढीच्या तक्त्यावर ठिपका काढून सेविका तो आईपुढे धरते. मागच्या महिन्याच्या ठिपक्यापासून रेघ खाली उतरली असेल, तर न शिकलेल्या आईलाही ते एका नजरेत कळतं.

हे सगळं सरकारच्या मर्जीवर राहू नये, म्हणून न्यायालयानंही ते बांधून घातलं आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये योजना सर्व वस्त्यांपर्यंत नेण्याचा आदेश दिला. २००६ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकलं. सहा वर्षांखालची ४० मुलं असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीनं मागणी केली, तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी लागेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं मुलांचा आणि मातांचा आहार हा हक्क झाला.

आहाराचा हक्क पक्का झाला, ते योग्यच झालं. पण अंगणवाडी शाळा म्हणून जन्मली होती, ही गोष्ट मागे पडत गेली. गावात विचारलं तर अंगणवाडी म्हणजे खिचडी असं उत्तर येतं. दोन पैसे हातात आले की पालक मूल खाजगी इंग्रजी नर्सरीत घालतात, कारण तिथे चौथ्या वर्षीच अक्षरं गिरवून घेतात. खरं म्हणजे त्या वयाला जे हवं, ते अंगणवाडीच्या फरशीवर घडत असतं. चिंचोके आणि बांगड्यांचे तुकडे वेगवेगळे करताना मूल वर्गीकरण शिकतं. मणी ओवताना त्याची बोटं पुढे पेन्सिल धरायला तयार होतात. गोलात बसून गोष्ट ऐकताना आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतं. वारली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातल्या मुलाच्या कानावर शाळेची मराठी पहिल्यांदा इथेच पडते. ती त्याच्या बोलीचा हात धरून आली, तर पहिलीचा वर्ग त्याला परका वाटत नाही.

हे घडायला सेविकेकडे वेळ हवा. तिचा वेळ मात्र नोंदींत जातो. रजिस्टरं होतीच, आता मोबाईलवरचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. पाड्यावर रेंज नसली की मुलं सोडून ती टेकाडावर जाऊन उभी राहते. सर्वेक्षणं, मोहिमा, बैठका वेगळ्याच. शिवाय तिला मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २०१८ मध्ये केंद्रानं महिन्याचं मूळ मानधन सेविकेसाठी ४,५०० आणि मदतनिसासाठी २,२५० रुपये ठरवलं. त्यावर राज्य आपली भर घालतं. ही भर वाढावी म्हणून महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनिसांनी डिसेंबर २०२३ पासून पन्नास दिवसांच्या वर संप केला. तेवढे दिवस कुलपं लागलेल्या दारांनी या बायका रोज काय करतात ते सगळ्यांना दाखवून दिलं.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेविका आणि मदतनिसांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला. त्यातलं एक निरीक्षण मला पैशांहून मोलाचं वाटतं. अंगणवाडीत चालतं ते शिक्षणाचं काम आहे आणि ते सेविका व मदतनीस करतात, असं न्यायालयानं म्हटलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही तीन ते सहा ही वर्षं शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतली आहेत. महाराष्ट्रात अंगणवाड्यांसाठी "आकार" हा अभ्यासक्रम तयार झाला. कागदावर अंगणवाडी पुन्हा शाळा झाली आहे. आता प्रत्यक्षात सेविकेला दिवसाचे दोन-तीन तास फक्त मुलांसाठी मिळायला हवेत. त्या वेळात तिच्याकडे कुणी माहिती मागू नये. खोलीचं छप्पर गळू नये, आणि तिच्या कामाला वेतन म्हणावं.

उद्या सकाळी मदतनीस पुन्हा वस्तीत निघेल. पावसात, चिखलात, कुणी बघत नसताना. आज न आलेलं मूल का आलं नाही, हे ती त्याच्या दारात जाऊन विचारेल. बोर्डीच्या अंगणात ताराबाईंनी हेच केलं होतं. साऱ्या योजनेत सर्वांत कमी पैसे मिळणारी बाई त्यांचं काम रोज सकाळी पायी पुढे नेते आहे. तिच्या बोटाला धरून चालणारं मूल शाळेला निघालेलं आहे, हे तिला ठाऊक आहे. ते आपल्यालाही कळायला हवं.