जपानी अंकांची लेखनरीत

महाडनजीकच्या गांधारपाले लेण्यांत ज्या ब्राह्मी लिपीतील शिलालेख कोरलेले आहेत, त्या लिपीचे पहिले तीन अंक अनुक्रमे एक, दोन व तीन आडव्या रेघांनी लिहीत असत, हे जाणणाऱ्या महाड-पोलादपूरच्या वाचकास जपानी अंकलेखनाचा आरंभ दुर्बोध वाटू नये. कारण चीनमधून जपानात गेलेल्या त्या लिपीतही ‘इची’, ‘नी’ आणि ‘सान्’ हे अंक तशाच आडव्या रेघांचे असतात.

रेघ डावीकडून उजवीकडे ओढावी, वरची आधी व खालची नंतर काढावी, तिनाची मधली रेघ आखूड व तळची सर्वांत लांब ठेवावी, आणि दहासाठी प्रथम आडवी व मग तिला छेदणारी उभी रेघ काढावी, एवढे साधले की पुढील रचना सुगम होते: दहापुढे एक म्हणजे अकरा, दोनापुढे दहा म्हणजे वीस.

मात्र एकाला रेघ जोडून रक्कम फुगविणे सहज शक्य असल्यामुळे, आपल्या दस्तऐवजांत रक्कम अक्षरी नमूद करतात त्याप्रमाणे, तेथेही महत्त्वाच्या कागदपत्रांत अधिक गुंतागुंतीची चिन्हे योजतात. दहा हजार येनच्या नोटेवर एकाचे असेच चिन्ह छापलेले असते. जिज्ञासूंनी चौकटीच्या वहीत आरंभी एक, दोन, तीन व दहा ही चारच चिन्हे गिरवावीत.