चगरन, चहुरीरा, चर्जतक

‘चलाम चथर्डीलापा चयचंयजा.’ एसटीच्या मागच्या बाकावरून असं काही कानावर आलं तर ती परकी भाषा समजू नये. ‘मला पाथर्डीला जायचंय’ एवढंच ते वाक्य आहे. मोठ्यांना कळू नये म्हणून मराठी मुलं बोलत आलेली ही ‘च’ची भाषा. गावागणिक तिचे पाठभेद आहेत, पण रुळलेला नियम असा: शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि पुढे च लावायचा.

अहिल्यानगर जिल्ह्याचे 14 तालुके या नियमातून काढले, की राहुरीचं चहुरीरा होतं, जामखेडचं चमखेडजा, नगरचं चगरन. इथवर सोपं. पण ‘पहिलं अक्षर’ म्हणजे नेमकं किती?

इंग्रजी मुलांच्या ‘पिग लॅटिन’मध्ये शब्दाच्या सुरुवातीची फक्त व्यंजनं मागे जातात, स्वर जागेवरच राहतो; ‘स्ट्रिंग’चं ‘इंगस्ट्रे’ होतं. मराठी मूल असा स्वर सोलून ठेवत नाही. प्रवरा नदीचं ते चवराप्र करतं आणि श्रीगोंद्याचं चगोंदाश्री. बाराखडी घोकलेल्या मुलाला ‘श्री’ हा एकच तुकडा वाटतो, त्यात तीन ध्वनी असले तरी.

खरी गंमत कर्जतला येते. कानाला हा शब्द ‘कर्-जत’ असा दोन तुकड्यांत ऐकू येतो, पण लिहिताना रफार ज वर चढतो. कानाचं ऐकलं तर चजतकर् आणि पाटीचं ऐकलं तर चर्जतक. अक्षराचा नियम पाळायचा तर दुसरंच रूप बरोबर. आता क काढल्यावर उरतं ‘र्जतक’, आणि ‘र्ज’ने सुरू होणारा शब्द मराठी जीभ घेत नाही. तिथे पुढचा च कामी येतो. निराधार झालेला र् त्याला टेकतो आणि ‘चर्-जतक’ सहज उच्चारता येतं. ‘पुस्तक’चं चस्तकपु होतं तेही असंच. म्हणजे हा च नुसता मुखवटा नाही. तो नसता तर जोडाक्षरांपाशी खेळ अडला असता. संगमनेरला हा पेच पडत नाही. अनुस्वार स च्या डोक्यावरच असतो, त्यामुळे कान आणि पाटी दोघांचं उत्तर एकच: चगमनेरसं.

व्याकरण मात्र अस्सल मराठीच राहतं. ‘नेवासा’चं सामान्यरूप आधी होतं, ‘ला’ लागतो आणि मगच उलथापालथ: नेवाशाला, चवाशालाने. प्रत्यय शब्दाच्या पोटात जातो, पण हरवत नाही. एकही नवा शब्द घडवावा लागत नाही, म्हणून तर ही भाषा एका दुपारीत येते.

जुन्या दलालांच्या नंदभाषेचं तसं नव्हतं. तिथे चाराला पोकू, पाचाला मुळू, दहाला अंगुळू असे वेगळेच शब्द होते आणि ते पाठ करण्यावाचून इलाज नव्हता. मोल्सवर्थच्या कोशाने त्यांची दखल घेतली आहे. झामेनहोफ यांनी 1887 मध्ये मांडलेल्या एस्पेरांतोत मधला मार्ग दिसतो: मूळ शब्द पाठ करायचे, बाकीचे नियमाने घडवायचे. बोना म्हणजे चांगला, त्याला ‘माल’ जोडला की मालबोना, वाईट. पण एस्पेरांतो सगळ्यांना कळावी म्हणून रचली गेली, दलालांची आणि मुलांची भाषा कळू नये म्हणून.

मुलांच्या या बंदोबस्तात भोकं आहेतच. एकाक्षरी शब्द लपत नाहीत: मीचं चमी, तूचं चतू. त्यावर उपाय एकच, भराभर बोलणं. पण एकच अक्षर दोनदा आलेल्या शब्दांपुढे तोही चालत नाही. दारात पाहुणा दिसल्यावर बहिणीला सावध करायला कुणी ‘चकाका चलेआ’ म्हटलं, तर काकांना आपलं नाव पहिल्या फटक्यात ऐकू येतं.