सांधेरोपणानंतरची रक्त पातळ करणारी औषधे : वेळेचे महत्त्व

गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांधेरोपणानंतर हालचाल मंदावल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. अशी गुठळी फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. म्हणून अशा रुग्णांना रक्त पातळ करणारी, म्हणजेच रक्त गोठण्याची क्रिया मंद करणारी औषधे दिली जातात.

ही शस्त्रक्रिया बहुधा पाठीच्या कण्यात भूल देऊन केली जाते. काही वेळा वेदनाशमनासाठी तेथे बारीक नळीही ठेवतात. सुईमुळे वा नळीमुळे मणक्यातील एखादी सूक्ष्म शीर दुखावल्यास रक्तस्राव एरवी आपोआप थांबतो. औषधाचा प्रभाव असताना मात्र तो चालू राहू शकतो. मणक्याच्या अस्थिमय पोकळीत साचलेल्या रक्ताचा मज्जातंतूंवर दाब पडतो आणि पाय कायमचे लुळे पडण्याची भीती असते. हा प्रकार अत्यंत विरळा, परंतु गंभीर आहे.

अमेरिकेत एनॉक्सापॅरिन हे इंजेक्शन 1993 मध्ये वापरात आले. अशा सुमारे 30 घटनांची नोंद झाल्यावर तेथील औषध प्रशासनाने 1997 मध्ये इशारा दिला. युरोपात दिवसातून एकदाच, तर अमेरिकेत दोनदा मात्रा दिली जाई. त्यामुळे नळी काढण्यास सुरक्षित अवधीच उरत नसे. 2013 मध्ये त्याच प्रशासनाने स्पष्ट केले, की प्रतिबंधक मात्रेनंतर किमान 12 तास व मोठ्या मात्रेनंतर 24 तास नळी घालू वा काढू नये, आणि नळी काढल्यावर पुढील मात्रा किमान 4 तासांनी द्यावी. परिचारिका इंजेक्शनची वेळ काटेकोरपणे नोंदवितात, ती याचसाठी.

नातेवाइकांचे सहकार्यही मोलाचे आहे. रुग्ण घेत असलेली सर्व औषधे भूलतज्ज्ञांना आधीच दाखवावीत. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी औषधे काही दिवस आधी थांबवावी लागतात. परंतु हृदयरोग्याने ती स्वतःहून बंद करू नयेत.

शस्त्रक्रियेनंतर काही तासांत पायांतील बधिरपणा ओसरू लागतो. तो ओसरून पुन्हा आला, वाढू लागला, पायांतील शक्ती कमी झाली, पाठीत तीव्र कळ आली किंवा लघवी अडली, तर मध्यरात्र असली तरी तत्काळ परिचारिकेस सांगावे. घरी गेल्यावर असे झाल्यास त्वरित रुग्णालयात यावे. लक्षणे दिसू लागल्यापासून 8 तासांच्या आत शस्त्रक्रियेने दाब दूर झाल्यास पाय पूर्ववत होण्याची आशा अधिक असते. येथे संकोचापायी सकाळची वाट पाहणे महागात पडू शकते.