पाणी आहे, हे कशावरून?

‘कशावरून?’ हा आपल्या भाषेतला अगदी घरगुती प्रश्न आहे. बैलाचे दात पाहताना, सोयरीक जुळवताना, भावकीच्या भांडणात साक्ष काढताना तो सहज तोंडी येतो. आपल्या दर्शनकारांनी दोन हजार वर्षे ज्या विषयाचा खल केला त्याचा गाभा ह्याच एका शब्दात आहे, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. भारतीय तत्त्वज्ञान म्हटले की ब्रह्म, माया आणि मोक्ष एवढेच डोळ्यांसमोर येते. व्यासपीठावरूनही बहुधा त्यांचीच चर्चा होते. परंतु गौतमाच्या न्यायसूत्रांनी आपल्या सोळा पदार्थांच्या यादीत पहिले स्थान दिले आहे ते ‘प्रमाणा’ला. एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कोणत्या मार्गाने कळले, ह्याचा हिशेब आधी द्या, मग पुढचे बोला, असा तो बाणा आहे. आजच्या संसारात प्राचीन विद्येचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर आम्ही प्रथम ह्या प्रमाणविचाराकडे बोट दाखवू. आणि उदाहरण म्हणून चाकूर तालुक्यात ज्याची चिंता दर उन्हाळ्यात उभी राहते ते पाणीच घेऊ.

पाण्याचे उदाहरण आम्ही ओढूनताणून आणलेले नाही. नैयायिकांनीही ते घेतले आहे. दुरून पाणी दिसले. ते ज्ञान खरे की मृगजळाचे? मीमांसक म्हणतात, ज्ञान झाले की ते खरे धरावे, बाध आला तर सोडावे. नैयायिकांना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे असे की जवळ जावे, ओंजळ भरावी, तहान भागली तर पहिले ज्ञान प्रमाण ठरले. ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानात नसून त्यावरून केलेल्या कृतीच्या यशात दिसतो. ह्यालाच ‘परतःप्रामाण्य’ म्हणतात. शब्द जड आहे, पण बोअर मारणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने त्याचा अर्थ स्वतःच्या खिशातून शिकलेला असतो.

मराठवाड्याला ह्या प्रश्नाचे गांभीर्य सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूर शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. मांजरा धरण कोरडे पडले होते. अशा काळात माणूस जमिनीच्या पोटाकडे वळतो, आणि तेथे पाणी आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नसल्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण संपते. उरतात अनुमान आणि शब्द. म्हणजे खुणेवरून काढलेला तर्क आणि कोणाच्या तरी सांगण्यावर ठेवलेला विश्वास. फसगत होते ती येथेच.

पाणाड्या शिवारात येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो चालतो. एका जागी नारळ उभा राहतो. दुसरा कोणी कडुलिंबाची बेचकी धरतो, ती खाली वळते. ‘येथे पाणी आहे.’ कशावरून? ‘नारळ उभा राहिला त्यावरून.’ न्यायशास्त्राच्या भाषेत नारळ उभा राहणे हा हेतू झाला, पाणी हे साध्य झाले. आता ह्या दोहोंत व्याप्ती आहे काय? जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती स्वयंपाकघरात दिसते आणि डोहात तिच्याविरुद्ध काही सापडत नाही, म्हणून ती टिकते. उलट, जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणू लागलो तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आड येतो. अग्नी आहे आणि धूर नाही. धुराला ओले सरपण लागते. ह्या लपलेल्या अटीला शास्त्रकार ‘उपाधी’ म्हणतात.

म्हणून नारळाची परीक्षा पाणी लागलेल्या शेतात पुरी होत नाही. जेथे नारळ उभा राहिला आणि पाणी लागले नाही अशी शेते किती? जेथे नारळ पडूनच राहिला, तरी शेजाऱ्याने बोअर मारला आणि पाणी लागले, अशी किती? ह्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारची मोजदाद सहसा कोणी ठेवत नाही. लागलेला बोअर दहा गावांत गाजतो. कोरडा बोअर मालक दगड ठेवून झाकतो आणि गप्प बसतो. हेतू साध्याशिवायही आढळत असेल तर त्याला ‘सव्यभिचार’ हेत्वाभास म्हणतात, म्हणजे हेतूचे सोंग. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एकच गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याच्या वजनाचे गणित मांडू नये, हे आमच्या आजीपणजींनाही ठाऊक होते. मग बोअरच्या बाबतीत आपण ते का विसरतो? गरज मोठी असली की परीक्षा नकोशी वाटते, हेच त्याचे कारण असावे.

ह्यावर काही विद्वान वराहमिहिराचा दाखला देतात. सहाव्या शतकातील ह्या ज्योतिर्विदाच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा सव्वाशे श्लोकांचा अध्याय आहे, आणि तो खरोखर वाचण्यासारखा आहे. पावसाचे पाणी एकाच रंगाचे व चवीचे असते, जमिनीच्या गुणाने त्याला निरनिराळे रंग आणि चवी येतात, असे तो आरंभीच सांगतो. मग झाडे, वारुळे, माती, दगड ह्यांच्या खुणा देतो. जांभळाच्या पूर्वेस जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेस दोन पुरुष खोलीवर गोडे पाणी लागते. निर्जल प्रदेशात वेत दिसला तर त्याच्या पश्चिमेस तीन हातांवर दीड पुरुष खोदावे. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची, पाच हात. खणताना अर्ध्या पुरुषावर फिकट बेडूक निघेल, मग पिवळी माती, मग थरांचा दगड, त्याखाली पाणी, अशा वाटेतल्या खुणाही तो देतो.

ह्यात नारळ नाही, बेचकी नाही. खुणा आहेत, त्या प्रत्येकाने तपासाव्यात अशा उघड्या आहेत, आणि खणता खणता अनुमान चुकत आहे की काय हे कळावे म्हणून मधले टप्पेही दिले आहेत. ह्या पद्धतीचा आम्हांस अभिमान वाटतो. जांभळासारख्या झाडाला ओल लागते, वाळवीलाही वारुळात ओलावा टिकवावा लागतो. तेव्हा ह्या खुणांमागे निरीक्षण आहे हे मानण्यास हरकत नाही. परंतु जांभळाची खूण दहा हातांवरच्या पाण्याची आहे. तिच्या जोरावर पाचशे फुटांच्या बोअरची जागा ठरवणे म्हणजे व्याप्ती तिच्या घरातून उचलून परक्या घरात नेऊन ठेवणे होय. स्वतः वराहमिहिराने मरुभूमीसाठी वेगळे नियम सांगितले आहेत. एका देशाची खूण दुसऱ्या देशात चालत नाही हे त्याला माहीत होते. त्याचे नाव घेणाऱ्यांनी एवढे तरी त्याच्याकडून घ्यावे.

मग आमच्या देशाची भूमी कशी आहे? लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेली. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर किल्लारी येथे शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र पाडले, तेव्हा सुमारे ३३८ मीटरपर्यंत हा लाव्ह्याचाच दगड लागला आणि त्याखाली पातळ गाळाच्या थरानंतर प्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक निघाला. ह्या काळ्या पाषाणाच्या अंगात वाळूसारखी पाणी धरण्याची शक्ती नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि थराच्या माथ्यावरच्या सच्छिद्र पट्ट्यात. दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो, तो पाणी अडवतो. भेग सापडली तर पाणी, दहा पावलांवर चुकली तर धूळ. एकाच बांधाच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे कोरडे, हा चमत्कार नाही. खडकाचा स्वभाव आहे. नशिबावर आणि नारळावर श्रद्धा बसण्यास ह्याच स्वभावाने जागा करून दिली आहे.

आता शब्दप्रमाण. कोणाचे सांगणे मानावे? वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात ‘आप्ता’चे लक्षण दिले आहे. ज्याने ती वस्तू नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी दुसऱ्यास सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखेच लागू आहे. कुळ, वेश, भाषा, दाढीची लांबी ह्यांचा संबंध नाही. पंधराशे वर्षांपूर्वीच्या ह्या वाक्याची धार अजून उतरलेली नाही. ही कसोटी लावली की काही गोष्टी झटकन उलगडतात. ‘आणखी पन्नास फूट जाऊ द्या, पाणी लागेल’ असे यंत्रावरचा माणूस सांगतो, तेव्हा त्याचे बिल फुटावर होत असते; जाणणे असेलही, पण जसे आहे तसे सांगण्यात त्याचा तोटा आहे. मोबाईलवर फिरत येणाऱ्या संदेशाला तर सांगणाराच सापडत नाही. उलट विहीर खोदण्यात हयात गेलेला, अक्षरशत्रू असलेला वडार जेव्हा ‘मालक, पुढे कडक लागला आहे, थांबा’ म्हणतो आणि आपली मजुरी बुडवतो, तेव्हा तो वात्स्यायनाच्या व्याख्येत चपखल बसतो. भूजल सर्वेक्षण खात्याचा भूवैज्ञानिकही ह्याच लक्षणाने तपासावा. पदवीने नव्हे, त्याने जाणले काय आणि कसे, ह्याने.

चरकसंहितेत आणखी एक प्रमाण सांगितले आहे, ‘युक्ती’. अनेक कारणे एकत्र येऊन एक कार्य घडते तेव्हा ती सगळी एकत्र पाहणारी बुद्धी म्हणजे युक्ती. चरकाचा दाखला शेतकऱ्याचा आहे: पाणी, नांगरट, बी आणि ऋतू ह्यांच्या संयोगाने पीक येते. तालुक्यातल्याच वडवळ नागनाथच्या बेटावर औषधी वनस्पती शोधत फिरणाऱ्यांनी हा दाखला विशेष ध्यानात ठेवावा, कारण एकट्या मुळीने रोग जात नाही. बोअरचेही तसेच. खडक, उतार, यंदाचा पाऊस, आणि शेजारच्या चार बोअरांनी रोज किती उपसले, हे सारे मिळून आपल्या बोअरचे पाणी ठरते. पाणाड्याही आणि कित्येकदा यंत्रवालाही फक्त ‘कोठे’ सांगतो. ‘किती’ आणि ‘किती दिवस’ हे प्रश्न तसेच राहतात. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने साठ मीटरहून अधिक खोल विहिरीला खोल विहीर म्हटले आणि तिला आळा घातला, तो ह्याच जाणिवेने. मात्र ही ओळ शिवारात कोठवर पाळली जाते हे प्रत्येकाला दिसतेच आहे.

प्राचीन ग्रंथांत सर्व काही आधीच आहे असे म्हणणारे आणि त्यांत काहीच नाही असे म्हणणारे, दोघेही ग्रंथ उघडण्याचा त्रास घेत नाहीत असे आम्हांस दिसते. मराठी पंडितांनी हा त्रास घेतला होता. भीमाचार्य झळकीकरांनी एकोणिसाव्या शतकात ‘न्यायकोश’ रचला. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस ह्यांनी तर्कसंग्रहाची सटीप आवृत्ती १८९७ मध्ये काढली. ते काम पाठशाळांच्या आणि महाविद्यालयांच्या भिंतींत राहिले, शिवारापर्यंत आले नाही.

ते आणावयाचे तर फार खर्चाचे काम नाही. एखाद्या गावाने ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी. गट क्रमांक, महिना व वर्ष, जागा कोणी दाखवली आणि कोणत्या खुणेवरून, किती फुटांवर मुरूम सुटला, किती फुटांवर तांबडी माती लागली, पाणी कोठे लागले, लागले की नाही, आणि दुसऱ्या वर्षी मे महिन्यात किती उरले, एवढे रकाने पुरेत. कोरडे बोअर त्यात लागलेल्या बोअरांइतक्याच काळजीने लिहावे लागतील. मालक ते सांगावयास लाजेल. म्हणून सरपंचाने स्वतःच्या शेतातला कोरडा बोअर पहिल्या ओळीत लिहावा. दहा वर्षांत त्या गावाजवळ नारळाची, बेचकीची, जांभळाची आणि भूवैज्ञानिकाच्या यंत्राची, चौघांचीही हजेरी एकाच पानावर असेल.