स्पंदमान ताऱ्यांचे तेजोमापन आणि अंतरनिश्चिती

प्रस्तावना
मंद दिसणारा तारा मुळातच मंद आहे की केवळ दूर आहे, हे नुसत्या दर्शनावरून ठरत नाही. सेफीड वर्गातील स्पंदमान तारे या प्रश्नाचे उत्तर स्वतःच पुरवतात. मात्र ते उत्तर त्यामागील प्रमाणीकरणाइतकेच विश्वसनीय असते.

स्पंदनाचे कारण
आकुंचनाच्या वेळी या ताऱ्यांच्या बाह्य थरांतील आयनीभूत हेलियम अधिक अपारदर्शक होतो. उष्णता अडून दाब वाढतो व थर प्रसरण पावतात; नंतर उष्णता निसटून ते पुन्हा आकुंचन पावतात. वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा सेफी या ताऱ्याची प्रत ५.३७ दिवसांच्या आवर्तकालात सुमारे ३.५ ते ४.४ यांदरम्यान बदलते. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद.

मापनपद्धती
त्याच क्षेत्रातील स्थिर ताऱ्यांशी अनेक रात्री तुलना करून प्रकाशवक्र काढला जातो. त्यावरून आवर्तकाल व सरासरी दृश्य प्रत मिळते. हार्वर्ड वेधशाळेतील हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये लघु मॅगेलनी मेघातील २५ ताऱ्यांवरून दाखवले की, आवर्तकाल जितका दीर्घ, तितका तारा अधिक तेजस्वी. हे सर्व तारे जवळपास समान अंतरावर असल्याने दिसणारा फरक हा मूळ तेजस्वितेतीलच होता. म्हणून आवर्तकालावरून निरपेक्ष प्रत कळते. दृश्य व निरपेक्ष प्रतींतील फरक ५ असल्यास अंतर १०० पार्सेक, १० असल्यास १,००० पार्सेक येते. आंतरतारकीय धुळीने तारा मंद दिसत असल्याने तत्पूर्वी तेवढी दुरुस्ती करावी लागते.

प्रमाणीकरणाचा प्रश्न
एडविन हबल यांना १९२३ मध्ये देवयानी दीर्घिकेत सेफीड तारा आढळला. त्यावरून तिचे अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे ठरले व ती आकाशगंगेबाहेर असल्याचे सिद्ध झाले. परंतु सेफीड ताऱ्यांचे दोन प्रकार असून समान आवर्तकालातही त्यांच्या तेजस्वितेत सुमारे १.५ प्रतींचा फरक असतो, हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये मांडले. देवयानीतील तारे मानले होते त्याच्या चौपट तेजस्वी ठरले. साहजिकच अंतर दुप्पट झाले. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

निष्कर्ष
गाया उपग्रहाने मोजलेल्या पराशयांमुळे प्रमाणीकरण पुष्कळ काटेकोर झाले आहे. तरीही सेफीड व अधिनवताऱ्यांवरून हबल स्थिरांक सुमारे ७३, तर विश्वाच्या पार्श्वप्रारणावरून सुमारे ६७ किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक येतो. दोष मापनात आहे की सिद्धांतात, हा वाद अनिर्णित आहे. म्हणून अंतराचा आकडा शिकवताना तो कोणत्या प्रमाणीकरणावर उभा आहे, हे सांगणेही तितकेच अगत्याचे ठरते.