काटकसरीचे धोरण आणि कार्यक्रम-व्यवस्थापक

अमेरिकेच्या शस्त्रास्त्र-खरेदीत काटकसर कशी साधावी, हा प्रश्न जुना आहे. १९८१ मधील कार्लुची यांच्या सुधारणा, १९८६ मधील पॅकार्ड आयोगाच्या शिफारशी आणि १४ सप्टेंबर २०१० रोजी अ‍ॅश्टन कार्टर यांनी प्रसृत केलेले ‘बेटर बाइंग पॉवर’ हे धोरण, हे त्या प्रयत्नांतील ठळक टप्पे होत. अशा योजनांची चर्चा बहुधा धोरणकर्त्यांच्या दृष्टीने होते. प्रस्तुत टिपणात ती अंमलबजावणी करणाऱ्याच्या बाजूने करावयाची आहे.

एखादे विमान वा जहाज ठरलेल्या खर्चात, मुदतीत आणि अपेक्षित गुणवत्तेने सिद्ध करून देण्याची जबाबदारी ज्या अधिकाऱ्यावर असते, तो कार्यक्रम-व्यवस्थापक होय. २०१० च्या धोरणाने त्याच्यापुढे दोन आकडे ठेवले. पहिला ‘संभाव्य खर्च’ : हा पूर्वानुभवावरून काढलेला असून अर्थसंकल्पातील तरतूद त्यावर आधारलेली असते. दुसरा ‘उचित खर्च’ : हा खर्चाचा प्रत्येक घटक तपासून निश्चित केलेला, पहिल्याहून कमी असा आकडा. कंत्राटदाराशी वाटाघाटी करताना व्यवस्थापकाने दुसरा आकडा नजरेसमोर ठेवावयाचा. दोहोंतील अंतर म्हणजे बचत.

अडचण उद्भवते ती येथेच. संशोधनासाठी मंजूर झालेली रक्कम दोन वर्षांत, तर सर्वसाधारण खरेदीची रक्कम तीन वर्षांत करारबद्ध व्हावी लागते. ही गती मंदावली की तरतुदीस कात्री लागण्याचे भय असते. म्हणजे वाटाघाटी चिकाटीने लांबवून किंमत उतरविणारा व्यवस्थापक हिशेबात मागे पडलेला दिसतो, आणि घाईने करार करणारा तत्पर ठरतो. १० सप्टेंबर २०१२ रोजी खरेदी विभागाचे प्रमुख फ्रँक केंडॉल व वित्त-नियंत्रक रॉबर्ट हेल यांनी संयुक्त पत्रक काढून या भयामुळे विपरीत प्रेरणा निर्माण होते हे मान्य केले. व्यवस्थापकांची तक्रार निराधार नव्हती, हे त्यावरून स्पष्ट होते.

याउलट ‘व्हर्जिनिया’ वर्गाच्या पाणबुड्यांचे उदाहरण पाहावे. २००५ च्या किंमतपातळीनुसार प्रत्येक पाणबुडीचा खर्च सुमारे २४० कोटी डॉलरांवरून २०० कोटींवर आणण्याचे उद्दिष्ट होते. यातील सुमारे निम्मी बचत वर्षाला एकाऐवजी दोन पाणबुड्या घेण्यातून, तर उरलेली रचनेतील व बांधणीच्या पद्धतीतील बदलांतून अपेक्षित होती. डिसेंबर २००८ मध्ये आठ पाणबुड्यांचा बहुवार्षिक करार झाला. येथे बचतीसाठी व्यवस्थापकास स्थैर्य मिळाले, आणि आरंभी रचनेवर खर्च करण्याची मुभाही मिळाली.

तात्पर्य, व्यवस्थापक काटकसरीचा विरोधक नसतो. मात्र प्रत्येक सुधारणेस तो एकच प्रश्न विचारतो : वाचविणाऱ्याच्या पदरी काय पडणार, पुढील वर्षी कमी तरतूद की अधिक विश्वास? या प्रश्नाचे उत्तर न देणारी सुधारणा परिपत्रकापुरतीच उरते.