६५०२चा एम्युलेटर : दारं मोजकीच ठेवा

मॉस टेक्नॉलॉजीने १९७५ साली आणलेला ६५०२ हा आठ बिटांचा प्रोसेसर ॲपल टूमध्येही होता आणि बीबीसी मायक्रोमध्येही. म्हणूनच आपण कोणत्या यंत्रात बसलो आहोत, हे त्याच्या एम्युलेटरला कळता कामा नये. त्याला बाहेरून द्यायची फंक्शन्स दोनच : दिलेल्या पत्त्यावरचा बाइट वाचणं आणि तिथे बाइट लिहिणं. पत्ते एकूण ६५,५३६. त्यांत रॅम कुठे, रॉम कुठे, कीबोर्ड कुठे, हे यंत्राचा कोड ठरवील. यंत्राच्या हाती रीसेट, दोन प्रकारचे इंटरप्ट आणि ‘एक सूचना चालव’ एवढं दिलं की पुरे. मात्र त्या सूचनेला किती क्लॉक सायकल लागल्या, हे फंक्शनने परत सांगायलाच हवं. नाहीतर पडदा आणि आवाज यांचा मेळ बसत नाही.

खरी मेख वाचण्यात आहे. ॲपल टूवर ४९१६८ हा पत्ता नुसता वाचला, तरी ‘कळ दाबली आहे’ ही खूण पुसली जाते. डीबगरने मेमरी दाखवायला म्हणून तो वाचला, तर चालू प्रोग्रामपर्यंत ते अक्षर पोचतच नाही. तेव्हा कशालाही धक्का न लावता वाचणारं वेगळं फंक्शन पहिल्या आराखड्यातच ठेवा.